तेवीस पाऱ्यांचे मिस कॉल

काकाजींना फोन लावणं सोपं होतं, ठेवणं महाकठीण. बोलणं संपलं की ते म्हणायचे, "ठेव आता." आणि स्वतः मात्र ठेवायचे नाहीत. समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. का, तर समोरच्याला ऐन शेवटी काहीतरी आठवलं असेल आणि आपण कापून मोकळे झालो तर? इकडे माझ्या आईची शिकवण अशी, की मोठ्या माणसाचा फोन आपण आधी ठेवायचा नाही. झालं. दोघंही कानाला लावून उभे. "ठेवला का?" "नाही, तुम्ही ठेवा." "तू ठेव ना बापा." शेवटी मागून काकीजींचा आवाज यायचा, "दोघं मिळून ठेवा आता, भात थंडा होऊन राहिला."

काकाजींना जाऊन आता तीन वर्षं झाली. अजून मी फोनवर बोलणं संपलं की दोन क्षण थांबते. आता सवयच आहे ती, काय करू?

ते रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. स्टेशनमागून स्टेशन, खांबामागून खांब, तारा जोडत नोकरी केली. मूळचे गोंदियाकडचे, घर रायपूरच्या कडेला, बीरगांवात, विहाराच्या मागच्या गल्लीत. शेजारच्या उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलची काळी धूळ त्या घराच्या ओट्यावर दिवसातून तीनदा यायची आणि काकीजी ती तीनदा झाडायच्या. मी सदर बाजारातली. आमचं घर पाच पिढ्यांपासून रायपुरात. घरी मराठी, गल्लीत हिंदी, आणि बीरगांव म्हणजे स्कूटीनं जायला अर्धा-पाऊण तास आणि परत आल्यावर डोकं धुवायला तितकाच वेळ. मी ज्या संस्थेत लागले होते ती पूर-आगीच्या वेळी मदत पोहोचवायची आणि एरवी वस्त्यांमध्ये पाणी, रेशन, दवाखाना अशी कामं करायची. तिथं मी कॉम्प्युटरवाली. मला एक टॅब देऊन बीरगांवला पाठवलं, की तिकडे एक रिटायर गृहस्थ आहेत, ते बरीच वर्षं काहीतरी करतात, त्यांचं काम या टॅबमध्ये भरून घे.

मी गेले, टॅब काढला, आणि मोठ्या रुबाबात समजवायला लागले. काकाजी उभे राहून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "तुझी गाडी रस्त्यात बंद पडली, अन् फोनही बंद पडला. तू कुठं अटकली हे कोणाले माहीत?"

"ऑफिसला."

"ऑफिसले कवा कळन?"

"संध्याकाळी माझा रिपोर्ट गेला नाही की."

"अन् रिपोर्ट गेला नाही, हे कोण पाहते?"

आलेले रिपोर्ट पाहायला आमच्याकडे एक बाई होत्या. न आलेले पाहायला कोणीच नव्हतं. पहिल्याच भेटीत कोणी असं तोंडावर पाडलं की मला भयंकर राग येतो. मी टॅब बंद केला, चहाही न पिता निघाले. गाडी सुरू करताना काकाजी ओट्यावरून म्हणाले, "घरी पोहोचली की मिस कॉल दे. नाही दिला तर मी पाहायले येईन." मी दिला नाही. वाटलं, म्हातारा काहीही बोलतो. संध्याकाळी साडेसातला आमच्या दारात एक सायकल लागली आणि ऑफिसातून पत्ता मिळवून आलेला, पँटच्या पायाला चिमटा लावलेला माणूस आईला विचारायला लागला, "पोट्टी पोहोचली का?" पोहोचली म्हटल्यावर "बरं" म्हणाले आणि परत निघाले. आईनं पाणी विचारलं तेही घेतलं नाही. आई माझ्यावर जी बरसली, ते सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवसापासून मी रोज बीरगांवला जाऊन त्यांच्या हाताखाली बसायला आणि घरी आल्यावर मिस कॉल द्यायला लागले.

तर मिस कॉल. काकाजींचं सगळं शास्त्र त्यावर उभं होतं. बीरगांव-उरल्याच्या भोवती नाल्याच्या कडेला, खदानींच्या, म्हणजे दगडखाणींच्या, काठाला, कारखान्यांच्या मागे तेवीस पारे होते. पारा म्हणजे आमच्याकडची वस्ती, पाच-पन्नास घरांची. प्रत्येक पाऱ्यात एक बाई काकाजींनी धरून ठेवली होती. बाईच का, तर "माणूस शिफ्टमध्ये जाते, बाई घरी राहाते." रोज सकाळी सात ते साडेसात या वेळात त्या बाईनं काकाजींना मिस कॉल द्यायचा. एक मिस कॉल, म्हणजे पाऱ्यात सगळं ठीक. दोन, म्हणजे काही काम आहे, सवडीनं फोन करा. तीन, म्हणजे धावत या. आणि एकही नाही आला, तर पावणेआठला काकाजी सायकलवर टांग टाकून त्या पाऱ्यात जाऊन उभे.

लोक हसायचे. रोज काय ठीक आहे, ठीक आहे सांगायचं? काही झालं तर कळवू ना. काकाजी म्हणायचे, "काही झालं तवाच तर कळवता येत नाही."

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं, तेही एकदा सांगितलं. नोकरीत असताना कुठल्याशा लाइनवर मोठा पूर आला होता. सगळीकडून फोन येत होते, जिकडून फोन येईल तिकडे मदतीची गाडी जात होती. एक वस्ती होती, तिथली तारच तुटली होती. तिथून फोन आला नाही. फोन नाही म्हणजे तक्रार नाही, असं समजून तिकडे कोणी गेलंच नाही. दोन दिवसांनी काकाजी तार जोडायला गेले. "मी पक्कड घेऊन गेलो बापा," एवढंच म्हणाले. "भाकर घेऊन जायले पाह्यजे होतं." पुढे तिथं काय दिसलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून एक वाक्य त्यांच्या तोंडी पक्कं बसलं होतं: "जो ओरडून राहिला, तो जिता आहे. जो चूप आहे, त्याच्याकडे पहिले पाह्य."

त्यांच्याकडे तीन फोन होते, तिन्ही बटनवाले, तिन्हींत वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं. एका कंपनीचा टॉवर बसला तर दुसऱ्याचा चालेल. काकीजींनी जुन्या पडद्याची थैली शिवून दिली होती, तीन खिशांची, ती गळ्यात. फोन आला की ते उभे राहणार. जेवत असले तरी उठणार. "बसून बोललं की आवाज पोटात राहाते," म्हणायचे. व्हॉट्सअॅपचा त्यांना मनापासून संताप होता. आमच्या संस्थेनं सगळ्या पाऱ्यांचा एक ग्रुप बनवला होता. पाणी उकळून प्या, असा संदेश टाकला की धडाधड अंगठे यायचे. काकाजी माझ्या फोनवर ते बघायचे आणि एकेकीला फोन लावायचे. "अंगठा काहून दाखवला मले? काय समजलं ते सांग." बिचाऱ्या बायकांनी संदेश उघडलेलाही नसायचा. सांगा, यात चूक कुणाची?

काकीजी फार कमी बोलायच्या, पण नेमकं. मला म्हणाल्या, "मले पाह्यले आले ना, तवा सगळे स्वयंपाकपाण्याचं विचारून राहिले होते. यांनी काय विचारलं माहीत आहे? इथून सगळ्यात जवळचा फोन कुठं आहे." मी हसून हसून बेजार. "मग तुम्ही काय सांगितलं?" "सांगितलं, पोस्टात. अडीच किलोमीटर. तर म्हणते, बरोबर सांगितलं, पोरगी हुशार आहे." काकाजी आतून म्हणाले, "मी येताना मोजलं होतं."

आता असं वाटेल की हा माणूस पुराचीच वाट बघत बसलेला. तसं नव्हतं. पूर वर्षा-दोन वर्षांनी यायचा. मिस कॉल रोज यायचा. आणि रोजच्या मिस कॉलनं जे झालं ते कुठल्या पुराच्या बातमीत येत नाही. एका पाऱ्याचा हातपंप बिघडला, दोन मिस कॉल आले. काकाजींनी पाणीपुरवठा खात्यात फोन लावला. तिथल्या बाबूनं सांगितलं, अर्ज द्या, पाहू. अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता काकाजींनी उभं राहून फोन लावला. "नमस्कार. कालचाच माणूस बोल रहा हूँ. हातपंप." तिसऱ्या दिवशी अकरा वाजता, "नमस्कार. परसोंवाला माणूस." हिंदी बोलताना त्यांचा माणूस कधी आदमी झाला नाही. ना आवाज चढवायचे, ना कुणाची ओळख सांगायचे. रोज अकरा. तिसऱ्या आठवड्यात ते तापानं पडले तर मला म्हणाले, "तू लाव." मी लावला. बाबू घाबरून म्हणाला, "दादा की तबीयत तो ठीक है ना? आज आवाज दूसरी है." चौथ्या आठवड्यात पंप सुरू झाला. तो बाबू स्वतः बघायला आला होता. काकाजींनी त्याला चहा पाजला आणि त्याच्याकडून त्याचा घरचा नंबर घेऊन वहीत लिहिला.

ती वही. लांब, जाड पुठ्ठ्याची. रोजचं एक पान, तेवीस नावं, पुढे खूण आणि खुणेपुढे वेळ. वेळ लिहायचा मला मनस्वी कंटाळा. आला म्हणजे आला, सात-बाराला आला काय आणि सात-अठराला आला काय. मी दोनदा वाद घातला. काकाजी म्हणाले, "लिहायले हात दुखते का?" म्हटलं, "नाही, पण उपयोग काय?" "मलेही नाही माहीत," म्हणाले. "लिही." अशा उत्तरानं माणूस चिडेल की नाही? मी चिडायचे आणि लिहायचे.

एव्हाना जिल्ह्याच्या कंट्रोल रूमलाही काकाजींच्या वहीची सवय झाली होती. पावसाळ्यात पावणेआठला तिथून फोन यायचा, "दादा, आज का बोलिए." आणि काकाजी सांगायचे ते तिथं जसंच्या तसं लिहिलं जायचं. आधी हेच लोक त्यांना वेड्यात काढायचे. हळूहळू असं झालं, की वहीत ठीक म्हणजे ठीक. मला याचा अभिमान होता. काकाजींना होता की नाही, माहीत नाही. एकदा मात्र म्हणाले, "आपलं ऐकून राहिले आता. भेव वाटते."

त्या वर्षी भादव्यात पाऊस लागला तो दोन दिवस थांबेचना. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे हरतालिका. आईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, येताना पत्री आण. मी भिजत-भिजत पावणेसातला बीरगांवात पोहोचले. रस्त्यावर पाणी, मिलची धूळ चिखल होऊन वाहत होती. काकाजी नाल्याचं पाणी बघायला गेले होते. मी वही उघडून, तीन फोन समोर ठेवून बसले. पहिला मिस कॉल आला तो खदानपाऱ्याचा. सात वाजून दोन मिनिटं. मी खूण केली, वेळ लिहिली. खदानपारा म्हणजे जुन्या बंद खदानीच्या आणि नाल्याच्या मधली खोलगट वस्ती. तिथला फोन दुलारीकडे असायचा. दुलारी सगळ्यात पक्की. चार वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता. मला मनात बरं वाटलं, चला, सगळ्यात खोल पारा ठीक आहे.

साडेसातपर्यंत एकवीस आले. दोन नाही आले. पावणेआठला कंट्रोल रूमचा फोन आला, मी सांगितलं, हे दोन चूप, बाकी ठीक. त्यांच्याकडे एकच मोटारबोट आणि एकच टीम. ती त्या दोन पाऱ्यांकडे निघाली. सगळं कसं शिस्तीत. मी खुर्चीत मागे टेकले.

सव्वाआठला काकाजी आले. कमरेपर्यंत भिजलेले. उभ्यानंच वही पाहिली. बोट एका जागी थांबलं.

"खदानपारा सात-दोन?"

"हो, पहिलाच तिचा."

"तिचा कधी सात-दोनले आला आहे?"

मी मागची पानं उलटली. सात-वीस, सात-बावीस, सात-एकोणीस, सात-वीस. महिनाभराची पानं बघा, हेच. काकाजी म्हणाले, "तिथं नळ सातले येते अन् वीस मिनिटांत जाते. नळ सोडून दुलारी मिस कॉल देईन का?"

"आज लवकर दिला असेल काकाजी. पाऊस आहे, पाणी भरायचं नसेल."

त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "आज काय आहे?"

काकीजी म्हणाल्या, "तीजा. साऱ्या बाया माहेरी गेल्या."

मी तिथंच बसले होते. माझ्या पिशवीत पत्रीसाठी आईनं दिलेलं फडकं होतं. तीजा आणि हरतालिका एकाच दिवशी, हे मला लहानपणापासून माहीत. छत्तीसगढच्या झाडून साऱ्या बायका या दिवशी माहेरी जातात, निर्जळी उपास करतात, हेही माहीत. सगळं माहीत असून मी ती खूण केली होती.

काकाजींनी दुलारीला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. दुलारीचा आवाज उपासाचा, पण आनंदी. "हव काकाजी?"

"कहाँ है बेटी?"

"मइके में. तीजा है ना. पर मैंने नागा नहीं किया काकाजी. कल देके निकली, आज यहाँ से दिया. मिला ना?"

"मिला. घर में कौन है?"

"सास है. ये तो प्लांट में हैं, डबल ड्यूटी."

"सास से बात हुई?"

"कैसे होगी? फोन तो मैं ले आई. नहीं तो मिस कॉल कौन देता?"

मला ओरडावंसं वाटलं. तिच्यावर की माझ्यावर, कुणास ठाऊक. चाळीस किलोमीटरवरून ती इमानानं खूण पाठवत होती आणि मी इमानानं लिहून घेत होते. काकाजी तिला एवढंच म्हणाले, "ठीक है बेटी. तू फोन अपने पास रख." आणि त्या दिवशी, मी पाहिलेल्या सगळ्या वर्षांत एकदाच, त्यांनी आधी फोन ठेवला.

कंट्रोल रूमला लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "दादा, खदानपारा तो ओके है. आपके यहाँ से ही लिखवाया है."

"काटो."

"टीम तो निकल गई. लौटते-लौटते दोपहर होगी. और आपका रजिस्टर कभी गलत..."

"आज गलत है. लिखो, खदानपारा से कोई खबर नहीं. लिखा? अब पढ़के सुनाओ."

त्यानं वाचून दाखवलं. पण बोट दुपारीच येणार होती. काकाजींनी वहीचं मागचं पान उघडलं. तिथं उरल्याच्या कारखान्यांच्या गेटांचे नंबर होते, कधी, कशासाठी लिहिलेले, देव जाणे. उभं राहून एकेक लावायला लागले. "नमस्कार. बीरगांव से बोल रहा हूँ. तुम्हारे यहाँ लोडर है? बस्ती में पानी भरा है, बूढ़े लोग हैं." पहिल्या गेटवाल्यानं साहेबांना विचारतो म्हटलं. दुसऱ्यानं ठेवला. तिसरा म्हणाला, सुट्टीवर आहे ड्रायव्हर. प्रत्येकाला काकाजी तेच, त्याच आवाजात, पहिल्यापासून. मी म्हटलं, "काकाजी, आपण सायकलनं जाऊ, स्कूटीनं जाऊ, काहीतरी करू." ते म्हणाले, "तू अन् मी जाऊन काय करू? बुडू." चौथा नंबर लावला. चौथ्या गेटवर जो बोलत होता तो खदानपाऱ्याशेजारचाच निघाला. पंधरा मिनिटांत माती उपसायचा, मोठ्या चाकांचा लोडर गल्लीच्या तोंडाशी उभा होता.

काकाजी, मी आणि ड्रायव्हर. पाऱ्याच्या रस्त्याचा नाला झाला होता. जी थोडी माणसं घरी होती ती खदानीच्या वरच्या कडेला चढून बसली होती. तरण्या बायका माहेरी, पुरुष शिफ्टला, मागे उरलेले म्हातारे आणि दोन-तीन आजारी. त्यांच्या सांगण्यावरून कळलं, दुलारीची सासू घरातच आहे. तिचे पाय गेलेले. दोघा म्हाताऱ्यांनी तिची खाट उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवली होती, त्याच्या पलीकडे त्यांना जमलं नाही.

लोडर दारापर्यंत गेला. काकाजी उतरले, पाणी छातीला. मी लोडरच्या फावड्यात उभी राहून आत बघत होते. म्हातारी वरच्या खाटेवर बसलेली, पाणी खाटेच्या सुतळीला लागलेलं, एका हातानं धान्याची कोठी धरलेली. काकाजींना पाहून ती घाबरली नाही की रडली नाही. छत्तीसगढीत म्हणाली, "मैं जानत रहेंव, तुमन आहू. आज फोन नइ गे होही ना."

मला माहीत होतं, तुम्ही याल. आज फोन गेला नसेल ना.

काकाजींनी तिला पाठीवर घेतलं. "हव," म्हणाले. हो. एवढंच. मला तोंड फिरवावं लागलं.

सगळे निघाले, बोट गेली त्या दोन पाऱ्यांतलेही. एकही जीव गेला नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकताना लोकांना वाटतं की कुणीतरी गेलं असणार. गेलं नाही. पण दीड तास. माझ्या एका खुणेचे दीड तास ती बाई पाण्यात बसून होती, या भरवशावर की आपण चूप आहोत म्हणजे कुणीतरी येईलच.

संध्याकाळी मी वहीतली ती खूण खोडायला घेतली. काकाजींनी हात धरला. "खोडू नको." मग त्या ओळीखाली स्वतः लिहिलं: खूण बरोबर. विचारणं चुकलं. खाली आपली सही. मी म्हटलं, "चूक माझी आहे, तुम्ही का सही करता?" म्हणाले, "फोन कुठून आला हे विचारायचं, असा नियम मी केला होता का? नाही ना. मंग माझी."

दुलारी दुसऱ्या दिवशी परत आली. तिला सगळं कळलं होतं. फोन तिनं कमरेला खोचला होता, पण हात लावायला तयार नव्हती. त्या दिवशी मिस कॉल नाही, तिसऱ्या दिवशी नाही. नवरा तिच्याशी बोलत नव्हता. म्हातारीला मात्र फोन गेला होता हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. पाऱ्यातले काही म्हणत होते, बंद करा हे, याच्याच भरवशावर मेलो असतो. काकाजींनी चौथ्या दिवशी पाऱ्यात बैठक बोलावली, म्हातारीसमोर सगळं सांगायला.

जाताना मी त्यांच्याशी भांडले. "म्हातारीला काहून सांगता? ती समजते फोन गेला नाही म्हणून आपण आलो. समजू द्या. दुलारीचं घर कशाला मोडता?" चिडले की मीही त्यांच्यासारखीच बोलायचे.

काकाजी सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "खोट्या भरवशावर ती पुढच्या टायमाले पुन्हा बसून राहीन. अन् तवा सात-दोनचा आकडा नसन." चिखलात रुतलेलं चाक उचलून पुढे घेतलं. मग म्हणाले, "घर मोडत असन तर मी पाहीन. पण सांगीन."

भिंतींवर अजून चिखलाची रेघ होती. ओट्यावर म्हातारीला आणून बसवलं होतं. दुलारी दाराच्या आड, नवरा बाहेर हाताची घडी घालून. काकाजी उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "उस दिन फोन गया था. इसलिए हम देर से आए. फोन मइके से गया था. बहू ने ईमान से दिया, हमने बिना पूछे लिख लिया. गलती हमारी है."

म्हातारी काकाजींकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला आणि समजलं तसा तिचा चेहरा उतरला. ती मान वळवून दाराकडे बघायला लागली. "तैं देहे रेहे?" तू दिला होतास?

दुलारीनं मान हलवली. नवरा एक पाऊल पुढे आला. काकाजी त्याच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभे राहिले, ना अंगावर गेले, ना आवाज चढवला, नुसते उभे.

म्हातारी म्हणाली, "फोन ला."

दुलारीला वाटलं, आता फेकणार. तिनं कमरेचा फोन काढला, पदराला पुसला आणि पुढे केला. म्हातारीनं तो उलटासुलटा करून पाहिला. मग काकाजींना विचारलं, कोणतं बटन. तिला अक्षर येत नव्हतं, आकडा येत नव्हता. दुलारी खाली बसली, सासूचं बोट धरलं आणि हिरव्या बटनावर ठेवलं.

"ये तोर ले नइ होवय," म्हातारी सुनेला म्हणाली. हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही. पण आवाजात राग नव्हता, हिशेब होता. "बहू मइके जाही. बेटा ड्यूटी जाही." मग आपल्या गेलेल्या पायांकडे हात करून म्हणाली, "मैं कहाँ जाहूँ?"